नऊ विहिरी आणि एक दार

"आता सगळे गप्प बसा आणि ऐका," कौस्तुभ म्हणाला. "तुम्ही आजवर जे ऐकत होतात ना, ते हे गाणं नव्हतंच."

आम्ही गप्प बसलो, पण फुरंगटून. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जमायचं आणि 'नऊ विहिरी' ऐकायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम होता. आणि मुंबईहून बँकेत नुकताच बदलून आलेला हा चष्मेवाला आम्हालाच गाणं शिकवायला निघाला होता. गाण्याचं खरं नाव 'नाइन वेल्स'. 'टिन लँटर्न' नावाच्या इंग्लंडातल्या बँडचं, त्र्याहत्तर सालचं. पण तिकीट कलेक्टर असो की लोको शेडमधला फिटर, आमच्यातला जो तो त्याला 'नऊ विहिरी'च म्हणायचा. त्यातले इंग्रजी शब्द निम्म्यांना कळत नसत आणि उरलेल्या निम्म्यांचं अर्थावरून आपसात पटत नसे.

कौस्तुभनं बटण दाबलं. पहिल्याच गिटारीला आमचा रुसवा उतरला.

"आयला, तारेवर बोट घासल्याचं ऐकू येऊन राह्यलं!" व्हिक्टर उभाच राहिला. व्हिक्टर सोनवणे मिशन कंपाउंडमधला, पार्सल ऑफिसात कामाला, आणि आमच्यात गिटार वाजवता येणारा एकटाच. त्यामुळे त्याच्या मताला वजन होतं. "शैले, ऐकलं का? आपल्या कॅसेटीत हे कधी होतं का?"

नव्हतं. ऑर्गनच्या खाली बेस गिटार चालते हेही आम्हाला त्या दिवशी कळलं. सगळे माना डोलवत होते.

मग ती जागा आली. गाणं निम्म्याच्या पुढे गेलं की एकेक वाद्य गळत जातं आणि शेवटी उरलेली गिटारही थांबते. खोल कुठेतरी पाण्याचा थेंब पडतो, घुमतो, विरतो. मग शांतता. मग ड्रमचा एकच दणका, आणि सगळं पुन्हा सुरू. त्या शांततेत आम्ही नेहमीसारखा श्वास घेतला आणि एका सुरात ओरडलो, "अवो, दार लावा नं बाप्पा! गानं चालू हाये!"

धाडकन ड्रम वाजला. पण आमच्याबरोबर ओरडणारी बाई स्पीकरमध्ये नव्हती.

कौस्तुभनं टेप थांबवला. "हे काय होतं?"

"ही आपल्या गाण्यातली बाई," व्हिक्टर म्हणाला. "तुझ्या गाण्यात नाही, म्हणजे तुझं गाणं डुप्लिकेट."

हॉलभर हशा पिकला. मीही हसले. ती बाई म्हणजे माझी आई होती.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये रिबेरो नावाचे गार्ड राहायचे. ते ऑस्ट्रेलियाला कायमचे जायला निघाले, तेव्हा सामान बांधताबांधता त्यांनी ही रेकॉर्ड आणि रेकॉर्ड प्लेअर मला एका दुपारपुरता दिला. वायर जोडून रेकॉर्ड करायची सोय आमच्याकडे कुठली? मामानं मस्कतहून आणलेला रेडिओ-टेपचा टू-इन-वन स्पीकरसमोर ठेवायचा आणि घरादारानं तोंड मिटून बसायचं, एवढीच रीत. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. मे महिन्यात, भुसावळात! आईनं कुकर लावला नाही, मोरीतला गळका नळ फडक्यानं बांधला आणि पदरानं घाम पुसत दाराशी पाट टाकून बसली. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. पण मी ते गाणं रिबेरोंच्या खिडकीखाली उभी राहून ऐकायचे, हे तिला माहीत होतं.

थेंब पडला, आणि नेमके तेव्हाच माझे वडील, अप्पा, ड्युटीवरून आले. मेल ड्रायव्हर माणूस, हातात लोखंडी पेटी. त्यांनी पायानंच दार ढकललं. बाहेरून शंटिंगचा गोंगाट आत आला. आई म्हणाली, "अवो, दार लावा नं बाप्पा! गानं चालू हाये!" आणि रेकॉर्डमधल्या ड्रमवाल्यानं जणू तिचं ऐकून धाडकन दार लावलं. इतकं बेमालूम जमलं होतं की नंतर ऐकणाऱ्या कुणालाही तो ड्रम वाटायचाच नाही.

दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. रिबेरोंचा माणूस प्लेअर न्यायला दारात उभाच होता. मग माझ्या कॅसेटवरून व्हिक्टरनं कॉपी केली, व्हिक्टरची फालक टेलरनं, आणि होता होता पार यावल-वरणगावपर्यंत 'नऊ विहिरी' आईसकट पोचल्या. ती बाई कोण, हे गाणं ऐकणाऱ्यांपैकी आम्हा दोघा-चौघांनाच ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटायचं, असेल कुणीतरी, चिडलेली. आईला याचं कोण कौतुक! "माह्या आवाजाची कॅसेट निंघाली म्हने," असं ती भाजीवालीलासुद्धा सांगायची.

पुढे काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली.

मी तेव्हा रेल्वेच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागले होते. दिवसभर कानाला हेडफोन. 'हॅलो' म्हणताच माणूस ओळखायचे; कोण साहेब आज बायकोशी भांडून आलाय हेही ओळखायचे. आणि एवढी आवाजांची जाणकार मी, मला आईचा आवाज आठवायचा नाही. चेहरा आठवायचा, हात आठवायचे, ती काय म्हणायची ते शब्दसुद्धा आठवायचे. पण ते सगळे शब्द माझ्या डोक्यात माझ्याच आवाजात उमटायचे. फार वाईट वाटायचं त्याचं. तिचं म्हणून तेवढं एक वाक्य उरलं होतं. पण ते कॅसेटमध्ये पक्कं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते.

अप्पांपुढे मात्र ती कॅसेट लावायची सोय नव्हती. पहिली गिटार वाजली की ते पायांत चपला सरकवायचे. "लावलं का ते कावकाव?" म्हणायचे आणि बाहेर जाऊन मोगऱ्याला पाणी घालत बसायचे. त्या मोगऱ्याला मिळालं तेवढं पाणी गावात कुठल्या झाडाला मिळालं नसेल. मला राग यायचा. आईचा आवाज ऐकवत नाही या माणसाला, असं वाटायचं.

तर त्या रविवारी कौस्तुभभोवती ही गर्दी उसळली. त्याच्याकडे दोन कॅसेटांचा डेक होता आणि अख्खी रेकॉर्ड स्वच्छ भरून घेतलेली होती. "जुन्या कॅसेट आणून द्या, त्यांच्यावरच भरून देतो," तो म्हणाला. पंधरवड्यात जवळजवळ सगळ्यांनी दिल्या; मूळ माझ्याकडे आहेच म्हणून व्हिक्टरनंसुद्धा. मी दिली नाही. माझी मूळ कॅसेट होती. ती कुणाच्या हातात द्यायचा प्रश्नच नव्हता.

एके दिवशी ड्युटीवरून घरी आले, तर अप्पा टू-इन-वनपुढे मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर तपकिरी टेपचा हा ढीग पडला होता, परातीत शेवया पडाव्यात तसा.

"बातम्या लावत होतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बटन चुकलं."

मी धावून गेले नाही की ओरडले नाही. मला हे काम येत होतं. कात्री, नेलपॉलिश, चिकटपट्टी घेतली. चुरगळलेला तुकडा कापला, टोकं जोडली, पेन्सिल घालून टेप गुंडाळला आणि लावला. गिटार आली. ऑर्गन आला. थेंब पडला. मग खर्र झालं आणि ड्रम वाजला.

कापलेला तुकडा मी उजेडात धरला. त्याच्यावरचा तपकिरी रंगच उडाला होता. टेप तेवढ्या जागी झिजून पांढरट, पातळ झाला होता.

"कुठी तुटला?" अप्पांनी विचारलं.

"थेंबाच्या पुढी."

 ते म्हणाले, "दुसरी असंल नं? गावभर वाटल्या तुम्ही."

"ढीगभर हायेत, अप्पा. संध्याकाळच्या आत आणते का नाही बघा."

व्हिक्टरच्या लुनावर मागे बसून मी भुसावळ पालथं घातलं. फालक टेलरनं मशीन थांबवून अभिमानानं कॅसेट लावली. "ऐक, कशी क्लिअर! ती बाई गेली एकदाची." व्हिक्टरनं माझा दंड दाबला म्हणून मी गप्प राहिले. लोको शेडच्या पाठकांकडे तेच. जामनेर रोडच्या चौधऱ्यांकडे तेच. प्रत्येक जण मोठ्या प्रेमानं स्वच्छ गाणं ऐकवायचा, आणि प्रत्येक ठिकाणी थेंबानंतर शांतता. एकाच्या कॅसेटवर तर बायकोनं हरिपाठ भरला होता. त्याला आम्ही काय बोलणार?

शेवटी कौस्तुभची खोली. मी त्याला सरळ सांगितलं, "तुम्ही माझ्या आईचा आवाज पुसलात."

तो पायरीवर खाली बसला. "मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, रेकॉर्डिंगमधला दोष आहे. मी... मी दोष काढत होतो."

मला त्याचा भयंकर राग आला होता. पण त्याचा चेहरा बघून तो जागच्या जागी जिरला. गाणं चांगलं ऐकू यावं म्हणूनच त्यानं रात्रंदिवस खपून हे केलं होतं, आणि आमच्याइतकंच त्याचंही त्या गाण्यावर प्रेम होतं.

"एखादी राहिली असेल," तो चष्मा पुसत म्हणाला. "सगळ्यांनी काही दिल्या नाहीत. रविवारी इन्स्टिट्यूटला बोर्ड लावू. ज्याच्याकडे जुनी असेल त्यानं घेऊन यावं."

परतताना व्हिक्टरनं लुना थांबवली. "शैले, एक बोलू? तुझा आवाज काकूसारखाच आहे. आपण पंखा बंद करू, तसाच टेप समोर ठेवू, आणि थेंब पडला की तू म्हण. अप्पांना काय कळणार?"

"अप्पांना फसवू?"

"फसवायचं काय त्यात? आवाज तर तोच."

"मी आई नाही, व्हिक्टर," मी म्हणाले. "आणि रविवारी सापडणार आहे. तू बघच."

घरी येऊन अप्पांना सांगितलं, "रविवारी दुपारी इन्स्टिट्यूटला या. कोनाकडे तरी निंघंलच."

"मले काय करायचं तिथी? ड्युटी हाये." ते मोगऱ्याकडे निघाले आणि दारातून वळून म्हणाले, "निंघाली तर घरी आन."

रविवारी हॉल भरला. बोर्ड वाचून नेहमीच्यांपेक्षा जास्त लोक आले होते, आणि ती बाई कोण हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. फालक टेलर माझ्यासमोर येऊन नुसताच उभा राहिला. लोकांनी घरातले डबे उपसून कॅसेटा आणल्या होत्या. कौस्तुभ एकेक लावून बघत होता. एकीवर नाट्यसंगीत, एकीवर कुणाच्या मुलानं पाठ म्हटलेले पाढे, बाकी सगळ्या त्यानंच भरून दिलेल्या. शेवटी वरणगावचा एक माणूस घाईघाईनं आला. त्याची कॅसेट जुनी होती, पक्की जुनी.  कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून कॉपी अशी ती झालेली. गाण्यापेक्षा खरखरच जास्त. थेंबसुद्धा नीट ऐकू आला नाही. त्यापुढे कुणीतरी काहीतरी म्हटल्यासारखं वाटलं, पण ते खरखरीत बुडून गेलेलं. ती आई असेलही. माझ्या एक्सचेंजच्या कानांनाही ती ओळखू आली नाही.

कौस्तुभनं ते तीनदा लावलं. मग माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली.

तोवर मी हरले नव्हते. त्या क्षणी हरले. आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, धावपळ होती, नंतर नोकरी होती. ती खरोखर गेली हे मला त्या हॉलमध्ये, खुर्चीवर बसल्याबसल्या कळलं.

"लोक आलेत," व्हिक्टर हळूच म्हणाला. "निदान गाणं तर लावू. काकूसाठी."

मी हो म्हटलं. कौस्तुभची स्वच्छ कॅसेट लागली. मी उठून स्टेजच्या पायरीवर, स्पीकरच्या बाजूला जाऊन बसले. त्यामुळे सगळे लोक माझ्यासमोर होते, आणि त्यांच्या मागे, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दार.

गिटार एकटी राहिली. थांबली. थेंब पडला.

दार उघडलं. दुपारचं पांढरंफटक ऊन आणि यार्डातल्या शंटिंगचा गोंगाट एकदम आत घुसला. दारात अप्पा उभे होते. अंगात ड्युटीचे कपडे, हातात पेटी. सरळ गाडीवरून उतरून आले होते.

त्यांना मी सोडून कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं स्पीकरकडे होती. आज ओरडायचं नाही, असं कुणी ठरवलं असेल तर ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. इतक्या वर्षांची सवय. अख्खा हॉल एका सुरात ओरडला:

"अवो, दार लावा नं बाप्पा! गानं चालू हाये!"

आणि अप्पा मुकाट्यानं मागे वळले आणि त्यांनी दार लावलं.

ड्रम आधी वाजला, दार जरा मागून लागलं. त्या आवाजानं सगळे वळले. व्हिक्टरनं झटकन टेप बंद केला. अप्पा कडीवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून तसेच उभे होते. मी खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्याजवळ गेले.

"अप्पा, नाही सापडली," मी म्हणाले. "सगळ्या बघितल्या. नाही निंघाली."

"मंग आता काय झालं ते?" अप्पा म्हणाले. त्यांनी तोंड वळवलं नाही. मग ते मोठ्यानं म्हणाले, "व्हिक्टर, मांगं घे जरा."

व्हिक्टरनं टेप मागे घेतला, लावला. थेंबाच्या जरासा अलीकडून गाणं सुरू झालं.

"इथून नाही. आनखी मांगं." अप्पांचा हात हवेत गाडी मागे घेतल्यासारखा हलत होता. "ते पेटीवानी वाजते न, ते संपते. मंग एकटी गिटार चार डाव वाजते. चौथ्या डावाले जरा अडखयते. मंग थेंब. त्या पेटीपासून घे."

व्हिक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला. ती गिटार चौथ्या वेळी अडखळते हे त्याच्यासुद्धा कधी ध्यानात आलं नव्हतं.

मी अप्पांच्या बोटांकडे बघत होते. टेप त्या एकाच जागी पांढरा पडेपर्यंत का झिजला होता, ते मला तेव्हा कळलं. मी ड्युटीवर गेले की हा माणूस घरात एकटा बसून काय करायचा, तेही कळलं. कावकाव म्हणे.

"अप्पा," मी म्हणाले, "तुम्ही कधीपासून..."

"तू जाय. तिकडं उभी राह्य." त्यांनी पेटी उचलली आणि दाराची कडी काढली.

"आता कुठी चालले?"

"बाहेर," अप्पा म्हणाले. "मी बाहेरून आलो तवा म्हनली होती ती."

ते बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

व्हिक्टरनं मागे घेतलं, अगदी त्या पेटीपासून. कौस्तुभनं न सांगता सगळे पंखे बंद केले. आता स्पीकरकडे कुणाचंच तोंड नव्हतं. सगळा हॉल दाराकडे वळून उभा होता. ऑर्गन संपला. गिटार एकदा वाजली, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा अडखळली.

थेंब पडला, दार उघडलं, आणि सगळ्यांच्या आधी मी ओरडले.